१०० मिमी पावसात नदीला पूर किती येतो? युनिट हायड्रोग्राफ सोप्या भाषेत

पावसाळ्यात मोबाईलवर अलर्ट येतो, ‘पुढील २४ तासांत १०० मिमी पावसाची शक्यता’. ग्रुपवर लगेच चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, एवढ्यानं काही होत नाही, गेल्या वर्षी पण इतकाच पडला होता. कुणी म्हणतं, गाडी वरच्या रस्त्यावर लाव.

गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. त्याच नदीवर तोच १०० मिमी पाऊस एकदा साधं गढूळ पाणी आणतो आणि एकदा फरशी पूल बुडवतो. पाऊस मिलीमीटरमध्ये मोजतात, पूर घनमीटर प्रति सेकंदात किंवा क्युसेकमध्ये. या दोन आकड्यांना जोडण्याची एक जुनी, सोपी आणि आजही वापरात असलेली पद्धत आहे. तिचं नाव युनिट हायड्रोग्राफ, मराठीत एकक जलालेख. यात फक्त गुणाकार आणि बेरीज लागते. आज आपण ती पूर्ण शिकू आणि शेवटी मोबाईलवर स्वतः एक पूर मोजून बघू.

## हायड्रोग्राफ म्हणजे काय?

समजा तुम्ही नदीच्या पुलावर उभे आहात. आजूबाजूच्या ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी उतारानं वाहत शेवटी या पुलाखालून जातं, ती सगळी जमीन म्हणजे या जागेचं पाणलोट क्षेत्र. डोंगर, शेतं, गावं, रस्ते, सगळं त्यात आलं.

आता दर तासाला पुलाखालून सेकंदाला किती पाणी जातंय ते लिहून ठेवा. या पाण्याला विसर्ग म्हणतात. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर विसर्ग घेऊन आलेख काढला की झाला हायड्रोग्राफ.

पुराचा हायड्रोग्राफ साधारण डोंगरासारखा दिसतो. सुरुवातीला सपाट, मग पटकन चढ, वर एक शिखर आणि मग सावकाश उतार. चढ उभा असतो आणि उतार लांब असतो, कारण नदीजवळचं पाणी लवकर येतं आणि लांबच्या डोंगरावरचं, शेतात साठलेलं पाणी मागून येत राहतं.

या आलेखात दोन प्रकारचं पाणी असतं:

- मूळ प्रवाह: पाऊस नसतानाही झऱ्यांतून आणि भूजलातून नदीला मिळणारं पाणी.
- थेट अपधाव: या पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं पाणी. पूर येतो तो मुख्यतः याच्यामुळे.

युनिट हायड्रोग्राफ फक्त दुसऱ्या प्रकाराचा हिशोब करतो. मूळ प्रवाह शेवटी वेगळा मिळवायचा.

## मग युनिट हायड्रोग्राफ म्हणजे काय?

१९३२ साली एल. के. शर्मन या अमेरिकन इंजिनिअरने ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’ या नियतकालिकात एक साधी कल्पना मांडली. एखाद्या पाणलोट क्षेत्रावर ठराविक वेळ, सगळीकडे सारखा पाऊस पडला आणि त्यातून बरोबर एक एकक खोलीचं पाणी वाहून आलं, तर नदीत जो आलेख तयार होईल तो त्या क्षेत्राचा युनिट हायड्रोग्राफ. आपल्याकडे हे एकक १ सेंटीमीटर धरतात.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

एक, १ सेमी म्हणजे पडलेला पाऊस नाही, वाहून आलेला पाऊस. जमिनीत मुरलेलं, झाडांवर अडकलेलं, डबक्यात साठलेलं पाणी वजा करून जे उरतं ते. त्याला परिणामी पाऊस म्हणतात.

दोन, पाऊस किती वेळात पडला हे सोबत सांगावंच लागतं. १ सेमी परिणामी पाऊस एका तासात पडला तर तो १ तासाचा युनिट हायड्रोग्राफ, तीन तासांत पडला तर ३ तासांचा. दोन्ही आलेख वेगळे. एकाच्या जागी दुसरा वापरला की उत्तर चुकतं.

थोडक्यात, युनिट हायड्रोग्राफ ही त्या पाणलोट क्षेत्राची सही आहे. चढ किती, नाले किती, जंगल किती, क्षेत्र लांबट की गोल, हे सगळं त्या एका आलेखाच्या आकारात उतरलेलं असतं.

## ही पद्धत कोणत्या गृहीतकांवर चालते?

1. प्रमाणाचा नियम. १ सेमी पाण्याने एखाद्या तासाला ८० घनमीटर प्रति सेकंद विसर्ग येत असेल, तर ३ सेमीने त्याच तासाला २४० येईल. आलेखाची उंची तिप्पट, पण लांबी तेवढीच.
2. बेरजेचा नियम. पहिल्या तासाच्या पावसाचा आलेख आणि दुसऱ्या तासाच्या पावसाचा आलेख एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत. दुसरा एक तास उशिरा सुरू करायचा आणि दोघांची बेरीज करायची.
3. आकार बदलत नाही. त्याच क्षेत्रावर तेवढाच परिणामी पाऊस जूनमध्ये पडो वा सप्टेंबरमध्ये, आलेख तोच.
4. पाऊस सगळीकडे सारखा. पूर्ण क्षेत्रावर आणि त्या ठराविक वेळात एकसमान.

ही चारही गृहीतकं शंभर टक्के खरी नाहीत. कुठे तुटतात ते पुढे बघूच. पण मध्यम आकाराच्या क्षेत्रात ती पुरेशी जवळ जातात, म्हणून ९० पेक्षा जास्त वर्षं ही पद्धत टिकून आहे.

## चला, एक पूर मोजूया

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक नदी घेऊ. पाणलोट क्षेत्र १०८ चौरस किलोमीटर. तिचा १ तासाचा युनिट हायड्रोग्राफ असा आहे (विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात):

| तास | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| विसर्ग | ० | २० | ६० | ८० | ६० | ४० | २० | १२ | ८ | ० |

आधी आलेख बरोबर आहे का ते तपासू. सगळ्या आकड्यांची बेरीज ३००. प्रत्येक आकडा एका तासाचा, म्हणजे ३,६०० सेकंदांचा. ३०० × ३,६०० = १०,८०,००० घनमीटर पाणी. आता १०८ चौरस किमीवर १ सेमी पाणी म्हणजे किती? तेही १०,८०,००० घनमीटर. जुळलं. कोणताही युनिट हायड्रोग्राफ हातात आला की ही तपासणी आधी करायची. बेरीज जुळत नसेल तर पुढचा सगळा हिशोब वाया.

आता पाऊस. तीन तासांत १०० मिमी पडला: पहिल्या तासात ३०, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात २० मिमी. जमिनीत दर तासाला १० मिमी मुरतं असं धरू. वजा केल्यावर उरलं २०, ४० आणि १० मिमी, म्हणजे परिणामी पाऊस २, ४ आणि १ सेमी.

आता युनिट हायड्रोग्राफला अनुक्रमे २, ४ आणि १ ने गुणा. दुसरी ओळ एक तास आणि तिसरी ओळ दोन तास पुढे सरकवा. मग तासागणिक बेरीज करा. मूळ प्रवाह १० धरलाय.

| तास | पहिल्या तासाचा पाऊस (× २) | दुसऱ्या तासाचा (× ४) | तिसऱ्या तासाचा (× १) | मूळ प्रवाह | एकूण विसर्ग |
|---|---|---|---|---|---|
| ० | ० | – | – | १० | १० |
| १ | ४० | ० | – | १० | ५० |
| २ | १२० | ८० | ० | १० | २१० |
| ३ | १६० | २४० | २० | १० | ४३० |
| ४ | १२० | ३२० | ६० | १० | ५१० |
| ५ | ८० | २४० | ८० | १० | ४१० |
| ६ | ४० | १६० | ६० | १० | २७० |
| ७ | २४ | ८० | ४० | १० | १५४ |
| ८ | १६ | ४८ | २० | १० | ९४ |
| ९ | ० | ३२ | १२ | १० | ५४ |
| १० | – | ० | ८ | १० | १८ |
| ११ | – | – | ० | १० | १० |

शिखर आलं ५१० घनमीटर प्रति सेकंद. बातम्यांच्या भाषेत सुमारे १८,००० क्युसेक.

आता शेवटच्या कॉलमकडे परत एकदा बघा. पाऊस तिसऱ्या तासाला थांबला. नदीचं शिखर चौथ्या तासाला आलं. पाचव्या तासालाही पाणी ४१० होतं. म्हणजे आभाळ मोकळं झाल्यानंतर पाणी वाढलं. आणि ही लहान नदी आहे. क्षेत्र मोठं असेल तर हा उशीर कित्येक तासांचा, काही ठिकाणी दिवसाहून जास्त असतो. ‘पाऊस थांबला, आता पूल ओलांडू’ हा विचार नेमका याच तासांत घात करतो.

## त्याच १०० मिमीचे वेगवेगळे पूर

आता नदी तीच, आलेख तोच, पाऊसही १०० मिमीच. फक्त परिस्थिती बदलू.

पाऊस सावकाश पडला तर? तोच १०० मिमी पाच तासांत, दर तासाला २० मिमी पडला. दर तासाला १० मिमी मुरलं, म्हणजे परिणामी पाऊस पाच वेळा १ सेमी. हिशोब केला तर शिखर येतं फक्त २७०. जवळपास निम्मं. का? कारण जमिनीला मुरवायला जास्त वेळ मिळाला आणि नदीला वाहून न्यायलाही.

जमीन आधीच भिजलेली असेल तर? आठवडाभर पाऊस चालू आहे, शेतात पाणी उभं आहे, आता जवळजवळ काहीच मुरत नाही. सोयीसाठी मुरणं शून्य धरू. तीन तासांचा तोच पाऊस आता ३, ५ आणि २ सेमी वाहून येतो. शिखर ७१०, म्हणजे सुमारे २५,००० क्युसेक. भरल्या पावसाळ्यात मूळ प्रवाहही जास्त असतो, तो वाढवून धरला तर आकडा आणखी वर जाईल.

२७०, ५१०, ७१०. अ‍ॅपवर तिन्ही दिवशी आकडा एकच होता: १०० मिमी. म्हणून ‘गेल्या वर्षी पण इतकाच पडला होता’ हे वाक्य फसवं आहे. किती पडला याइतकंच किती वेळात पडला आणि कोणत्या जमिनीवर पडला, हेही महत्त्वाचं.

## मोबाईलवर स्वतः करून बघा

यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही. गूगल शीट्स किंवा कोणतंही स्प्रेडशीट अ‍ॅप पुरे.

1. पहिल्या कॉलममध्ये ० ते ११ तास लिहा.
2. दुसऱ्या कॉलममध्ये वरच्या टेबलातला युनिट हायड्रोग्राफ लिहा. उरलेल्या जागी शून्य.
3. तिसऱ्या कॉलममध्ये दुसरा कॉलम × पहिल्या तासाचा परिणामी पाऊस.
4. चौथ्या कॉलममध्ये दुसऱ्या तासाच्या पावसाचा गुणाकार, पण एक ओळ खाली सरकवून.
5. पाचव्यात तिसऱ्या तासाचा, दोन ओळी खाली.
6. सहाव्या कॉलममध्ये तिन्हींची बेरीज अधिक मूळ प्रवाह.
7. सहावा कॉलम सिलेक्ट करून लाइन चार्ट काढा. पुराचा डोंगर स्क्रीनवर दिसेल.

पावसाचे आकडे वेगळ्या सेलमध्ये ठेवून फॉर्म्युल्यात त्यांचा संदर्भ दिलात, तर आकडा बदलताच अख्खा पूर बदलतो. पाऊस चढत्या क्रमाने टाकून बघा, म्हणजे १, २, ४ सेमी. शिखर ४९० येईल आणि एक तास उशिरा, पाचव्या तासाला. असं आलं तर समजा तुमचं शीट बरोबर आहे.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करणारी सॉफ्टवेअर्स आहेत. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ‘एचईसी-एचएमएस’ कॉम्प्युटरसाठी मोफत मिळतं. सिव्हिल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी प्रोजेक्टला ते वापरतात. त्यात युनिट हायड्रोग्राफच्या अनेक पद्धती तयार असतात.

## एखाद्या नदीचा युनिट हायड्रोग्राफ मिळतो कुठून?

दोन रस्ते आहेत.

मोजमाप असेल तर: एकटा, सुटसुटीत पडलेला एखादा चांगला पाऊस निवडतात. त्या वेळच्या नदीच्या नोंदी घेतात. मूळ प्रवाह वजा करतात. उरलेल्या पाण्याचं घनफळ काढून त्याला क्षेत्रफळाने भागतात, म्हणजे परिणामी पावसाची खोली मिळते. मग आलेखाच्या प्रत्येक आकड्याला त्या खोलीने (सेमीमध्ये) भागायचं. असे चार-पाच पाऊस घेऊन सरासरी आकार काढतात.

मोजमाप नसेल तर: आपल्या बहुतेक ओढ्या-नाल्यांवर विसर्ग मोजणारं केंद्र नसतं. तिथे नकाशावरून अंदाज करतात. १९३८ मध्ये स्नायडर यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या नद्यांचा अभ्यास करून नदीची लांबी आणि क्षेत्राचा आकार यांवरून आलेख बांधायची रीत दिली. याला सिंथेटिक युनिट हायड्रोग्राफ म्हणतात. नंतर क्लार्क यांनी १९४५ मध्ये आणि नॅश यांनी १९५७ मध्ये वेगळ्या पद्धती मांडल्या.

पण अ‍ॅपलाचियनचे गुणांक सह्याद्रीला जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून केंद्रीय जल आयोगाने रेल्वे, रस्ते मंत्रालय आणि हवामान खात्यासोबत देशाचे पाऊस आणि भूभागानुसार २६ उपविभाग करून पूर अंदाजाचे अहवाल तयार केले. कोकण किनारा वेगळा, गोदावरीचं वरचं खोरं वेगळं. लहान-मध्यम नदीवर पूल किंवा मोरी बांधताना ‘किती पाणी जायला जागा ठेवायची’ हे ठरवायला इंजिनिअर त्यातली सूत्रं वापरतात. तुम्ही रोज ज्या पुलावरून जाता, त्याची उंची ठरवताना कुणीतरी असाच आलेख काढलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

## शहर वाढलं की आलेख बदलतो

ही या लेखातली सगळ्यात काळजीची गोष्ट.

आपल्या काल्पनिक नदीच्या क्षेत्रात वस्ती वाढली. माळरानावर सोसायट्या, शेताच्या जागी पार्किंग, ओढ्यांना सिमेंटच्या भिंती. पाणी आता जास्त वेगाने धावतं. नवा युनिट हायड्रोग्राफ समजा असा झाला: ०, ६०, १२०, ७०, ३०, १५, ५, ०. बेरीज अजूनही ३००, कारण १ सेमी पाणी ते १ सेमीच. पण शिखर ८० वरून १२० वर गेलं आणि तिसऱ्या तासाऐवजी दुसऱ्या तासाला आलं.

आता २, ४, १ सेमीचा तोच पाऊस यावर चालवा. शिखर ५१० ऐवजी ६९०, आणि चौथ्याऐवजी तिसऱ्या तासाला. आणि सिमेंटमुळे मुरणंही बंद झालं, म्हणजे ३, ५, २ सेमी वाहून आलं, तर शिखर थेट ९४०. पाऊस तोच १०० मिमी. जुना पूल मात्र ५१० च्या हिशोबाने बांधलेला.

मुंबईत हे प्रत्यक्षात दिसलं. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून येईल, या हिशोबाची होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी ५० मिमी आणि पूर्ण पाणी वाहून येईल असं धरायला सांगितलं. म्हणजे गटारांनी न्यायच्या पाण्याचा हिशोब थेट चौपट झाला. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर हे लहान क्षेत्राचं उदाहरण. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा दाट वस्तीतून मुठा नदीला मिळतो. अशा लहान, उताराच्या आणि बांधकामाने भरलेल्या क्षेत्रात पाऊस आणि शिखर यांच्यात फारच थोडा वेळ असतो. मोठ्या नदीसाठी दिवसभर आधी इशारा देता येतो. ओढ्यासाठी तेवढी सवड मिळत नाही.

## युनिट हायड्रोग्राफ कुठे चुकतो?

- खूप मोठ्या क्षेत्रात. साधारण ५,००० चौरस किमीपेक्षा मोठं क्षेत्र असेल तर सगळीकडे सारखा पाऊस धरता येत नाही. मग क्षेत्राचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा आलेख काढतात आणि नदीतून पाणी पुढे सरकवत जोडतात.
- पाऊस एकाच भागात कोसळला तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३ मिमी. दोघांची सरासरी काढून पूर मोजला तर उत्तर कुठल्याच भागाला लागू पडणार नाही.
- फार मोठ्या पुरात. पाणी खोल झालं की जास्त वेगाने वाहतं. लहान पुरांवरून काढलेला आलेख मोठ्या पुराचं शिखर कमी दाखवतो. म्हणून मोठ्या धरणांच्या सुरक्षेचा हिशोब करताना युनिट हायड्रोग्राफचं शिखर २५ ते ५० टक्क्यांनी वाढवून घेण्याची पद्धत आहे.
- मध्ये धरण असेल तर. धरण पाणी अडवतं आणि दरवाजे उघडल्यावर सोडतं. त्याचा हिशोब वेगळा. पंचगंगेसारख्या नदीत धरणाचा विसर्ग आणि खालच्या भागातला पाऊस दोन्ही एकत्र येतात.
- समुद्राची भरती किंवा पुढच्या नदीचा फुगवटा असेल तर. पाणी पुढे जायलाच जागा नसेल तर विसर्ग कमी असूनही पातळी चढते. कोकणातल्या खाड्या आणि मुंबईचे नाले इथे फसतात.

## अलर्ट आला की आकडे कसे वाचायचे?

हवामान खात्याच्या वर्गीकरणात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ मिमी किंवा जास्त म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. पण हे २४ तासांचे आकडे आहेत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचे. आत्ताच बघितलं की तीन तासांचा १०० मिमी आणि पाच तासांचा १०० मिमी यांत शिखर जवळपास दुप्पट फरकाचं आहे. म्हणून:

- एकूण आकड्यासोबत तासाचा पाऊस आणि रडार बघा.
- तुमच्या घरावरचा पाऊस नाही, नदीच्या वरच्या भागातला पाऊस बघा. महाबळेश्वरला किती पडला हे कऱ्हाडला महत्त्वाचं असतं.
- गेल्या काही दिवसांत किती पडला ते आठवा. भिजलेली जमीन म्हणजे जास्त पूर.
- केंद्रीय जल आयोगाने २०२३ मध्ये आणलेल्या ‘फ्लडवॉच इंडिया’ अ‍ॅपवर नदीची पातळी आणि अंदाज दिसतो. फक्त आकडा नको, पातळी चढतेय की उतरतेय ते बघा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

क्युसेक आणि क्युमेक यात फरक काय?
क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. बातमीत धरणाचा विसर्ग बहुतेक वेळा क्युसेकमध्ये असतो.

बातमीत पातळी फुटात सांगतात. ती इथे कुठे आली?
युनिट हायड्रोग्राफ विसर्ग देतो, उंची नाही. प्रत्येक मोजणी केंद्रावर विसर्ग आणि पातळी यांचा एक वेगळा आलेख असतो, त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात. त्यावरून विसर्गाची उंची काढतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आकडे त्या ठिकाणापुरतेच. दुसऱ्या गावाच्या ३९ फुटांशी त्याची तुलना करू नका.

आपल्या उदाहरणातला १०० मिमी पाऊस म्हणजे एकूण किती पाणी?
१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. त्या हिशोबाने १०८ चौरस किमीवर १०० मिमी म्हणजे १ कोटी ८ लाख घनमीटर, सुमारे ०.३८ टीएमसी. त्यातलं ७० टक्के पाणी पुरात आलं, ३० टक्के मुरलं.

आता एआय आलंय, मग हे कशाला शिकायचं?
गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून भारतात पुराचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि आज त्यांच्या ‘फ्लड हब’वर एआय मॉडेलचे अंदाज दिसतात. मोठ्या नद्यांसाठी ते उपयोगी आहेत. पण तुमच्या गावच्या ओढ्यावर मोरी किती मोठी हवी, किंवा टेकडी सपाट करून सोसायटी बांधली तर खालच्या वस्तीत काय होईल, हे तपासायला युनिट हायड्रोग्राफ आजही वापरतात. शिवाय त्याचा हिशोब कुणीही ओळ-न्-ओळ तपासू शकतो. ग्रामसभेत किंवा वॉर्डात प्रश्न विचारायचा असेल तर याचा फायदा होतो.

माझ्या ओढ्याचा पूर मी या टेबलवरून मोजू शकतो का?
नाही. वरचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. प्रत्येक क्षेत्राचा आलेख वेगळा. घर सोडायचं की नाही हा निर्णय शीटवर नाही, प्रशासनाच्या इशाऱ्यावर घ्यायचा.

## शेवटी

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘फक्त १०० मिमी तर आहे’ असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा: किती तासांत? वरच्या भागात किती? आणि जमीन आधीच भिजलेली आहे का? आणि पाऊस थांबल्यावर कुणी पुलावर व्हिडिओ काढायला निघालं, तर त्याला टेबलातली चौथ्या तासाची ओळ दाखवा. पाऊस तिसऱ्या तासाला थांबला होता, सगळ्यात जास्त पाणी चौथ्या तासाला आलं.